स्वरयंत्र हातानं ओळखा: नव्यानं गाणाऱ्यांसाठी आणि दिवसभर बोलणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात आवाजावर पोट असलेली आणि आवाजावर जीव असलेली माणसं भरपूर. भजनी मंडळात पहिल्यांदाच टाळ घेऊन उभा राहिलेला मुलगा, मराठी शाळेत नुकताच वर्ग मिळालेल्या बाई, खानापूरच्या गाडीत "पुढं सरका, मुंदे होगरी" असं दोन भाषांत दिवसभर ओरडणारा कंडक्टर. या सगळ्यांना सुरुवातीलाच एक सल्ला मिळतो: "पोटातनं आवाज काढ की रे!" सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणारा पोट आवळतो, मान ताणतो, गळ्याच्या शिरा फुगवतो आणि आठवड्याभरात त्याचा घसा बसतो.

आवाज तयार होतो तो गळ्यातल्या स्वरयंत्रात. फुप्फुसं त्याला हवा पुरवतात, तोंड आणि घशाची पोकळी त्याला मोठं करते. स्वरयंत्राचं स्वतःचं काम फार नाजूक आहे आणि तिथं जोर लावला की ते बिघडतं, हे मला या लेखात पटवून द्यायचं आहे. नुसतं सांगून ते पटत नाही, म्हणून खालच्या पायऱ्या क्रमानं स्वतःच्या गळ्यावर करून बघा. आरसा, पाण्याचा ग्लास आणि एक स्ट्रॉ एवढंच सामान लागेल.

पहिली पायरी: जागा शोधा

आरशासमोर ताठ पण सैल बसा. हनुवटीखाली बोट ठेवून हलकेच खाली सरकत या. पुरुषांना लगेच कंठमणी लागेल. बायकांनाही तो असतो, फक्त बाहेर आलेला नसतो. त्याचं कारण साधं आहे. पुढं ढालीसारखी असलेली जी थायरॉइड कूर्चा (कूर्चा म्हणजे मऊ, लवचीक हाड), तिच्या दोन बाजू पुरुषांत साधारण 90 अंशाच्या कोनात मिळतात, म्हणून टोक पुढं येतं. बायकांत हा कोन साधारण 120 अंशांचा, म्हणून ती चपटी लागते. नाव सारखं असलं तरी ही कूर्चा वेगळी आणि थायरॉइडची ग्रंथी वेगळी. ग्रंथी हिच्या खालच्या अंगाला असते.

कंठमण्याच्या वरच्या काठावर एक खाच लागेल. तिथून बोट सरळ खाली आणा. एक छोटा मऊ खळगा लागेल आणि त्याच्या खाली पुन्हा कडक कडा. ही कडा म्हणजे क्रिकॉइड कूर्चा. ती अंगठीसारखी पूर्ण गोल असते. तिच्याखाली श्वासनलिका सुरू होते. मधला तो मऊ खळगा लक्षात ठेवा, सूर वर नेताना त्याची गंमत बघायची आहे.

आता बोट तिथंच ठेवून आवंढा गिळा. सगळं यंत्र झटकन वर गेलं आणि परत खाली आलं. मग मोठी जांभई द्या. या वेळी ते खाली उतरलं. म्हणजे स्वरयंत्र हाडाला घट्ट ठोकून बसवलेलं नाही, स्नायूंच्या दोऱ्यांवर टांगलेलं आहे. अवघड सूर लावताना नवा गायक हनुवटी वर करतो, तेव्हा हे टांगलेलं यंत्र वर खेचलं जातं आणि आवाज चिरका होतो. आरशात हनुवटी वर जाताना दिसली की तिथंच थांबा.

दुसरी पायरी: आत काय आहे

आतली रचना थोडक्यात समजून घेऊ, कारण नावं पाठ करून आवाज सुधारत नाही. एकूण नऊ कूर्चा असतात. त्यातल्या तीन एकेकट्या: थायरॉइड, क्रिकॉइड आणि जिभेच्या मुळाशी पानासारखी असलेली एपिग्लॉटिस. उरलेल्या सहा म्हणजे तीन जोड्या. त्यातली एकच जोडी आपल्या कामाची: क्रिकॉइडच्या मागच्या भागावर बसलेल्या दोन छोट्या त्रिकोणी ॲरिटेनॉइड कूर्चा.

आपण ज्यांना स्वरतंतू म्हणतो ते पुढून थायरॉइड कूर्चेला आतल्या बाजूनं चिकटलेले असतात, मागून या दोन ॲरिटेनॉइडना. तंतू म्हटल्यावर तंबोऱ्याच्या तारा डोळ्यांसमोर येतात, पण प्रत्यक्षात त्या मांसल घड्या आहेत. आत स्नायू, त्यावर लवचीक थर आणि सगळ्यात वर ओलसर, मऊ त्वचा. पुरुषांत त्यांची लांबी साधारण 17 ते 25 मिलिमीटर, बायकांत साधारण 12 ते 17. गोलघुमटासारखा आवाज असलेल्या बुवांच्या गळ्यातसुद्धा एवढंच असतं.

ॲरिटेनॉइड आत फिरल्या की घड्या मिटतात, बाहेर फिरल्या की उघडतात. मिटवणारे स्नायू अनेक, उघडणारी स्नायूंची जोडी एकच.

तिसरी पायरी: मूळ काम समजून घ्या

स्वरयंत्र बोलण्यासाठी नाही, जीव वाचवण्यासाठी आहे. अन्न आणि हवा घशात एकाच वाटेनं येतात. घास गिळताना यंत्र वर जातं, एपिग्लॉटिस मागं झुकते, स्वरतंतू घट्ट मिटतात आणि घास मागच्या अन्ननलिकेत उतरतो. जेवताना बोललो की हे मिटणं चुकतं आणि ठसका लागतो.

दुसरं काम जोर लावण्याचं. बेळगावच्या रविवार पेठेत सकाळी उभं राहून हमाल पोतं पाठीवर घेताना बघा. उचलण्याआधी तो श्वास घेतो, गळ्यात कोंडतो, पोतं पाठीवर टेकलं की "हं" करून सोडतो. कोंडलेल्या हवेमुळं छाती ताठ राहते आणि हातांना आधार मिळतो. ही कोंडी स्वरतंतूंनीच केलेली असते.

तुम्हीही खुर्चीची बैठक दोन्ही हातांनी वर ओढा आणि त्याच वेळी "आ" म्हणून बघा. आवाज दाबलेला, घुसमटलेला येईल. आता हात सोडून परत "आ" म्हणा. हा फरक गळ्यात नीट साठवून ठेवा. वर्गात ओरडणाऱ्या बाई आणि अंगातला सगळा जोर लावून अभंग म्हणणारा पोरगा नकळत पोतं उचलणाराच गळा वापरत असतात.

चौथी पायरी: कंप बोटांनी पकडा

कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवा. आधी लांब "स्‌ऽऽऽ" म्हणा. बोटांना काही लागणार नाही, स्वरतंतू उघडे आहेत आणि नुसती हवा चालली आहे. मग "झ्‌ऽऽऽ" म्हणा. बोटांखाली लगेच गुणगुण सुरू होईल. "कडी" आणि "गडी" हळू म्हणूनही बघा. ग म्हणताना गळा आधीच घुमू लागतो, क म्हणताना किंचित उशिरा. कन्नडातही क आणि ग यांच्यात हाच भेद आहे, त्यामुळं शेजारच्या कन्नडभाषक मित्रालाही हा प्रयोग करायला लावता येतो.

आता ही गुणगुण होते कशी ते बघू. हा भाग शांतपणे वाचा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. स्वरतंतू हलकेच जवळ येतात. खालून फुप्फुसांतली हवा दाबत असते. दाब पुरेसा झाला की ती घड्यांना खालच्या कडेपासून वेगळं करते आणि फटीतून वर निसटते. फटीतून हवा वेगानं जाताना तिथला दाब कमी होतो, शिवाय घड्या स्वतः लवचीक असतात, त्यामुळं त्या पुन्हा मिटतात. मिटतानाही खालची कड आधी, वरची नंतर. म्हणजे त्या ओलसर त्वचेवरून खालून वर एक लाट जाते. लगेच दुसरा झोत, दुसरी लाट. मेंदू स्नायूंना प्रत्येक वेळी "उघड, मीट" असा हुकूम देत नाही. तो फक्त घड्या जवळ आणून त्यांना योग्य ताण देतो, बाकीचं हवा आणि लवचीकपणा करतात.

किती वेगानं? काळी एक पट्टीत, म्हणजे पेटीवरच्या सप्तकातली पहिली काळी सा धरून, पुरुषानं मध्य सप्तकातला सा लावला की स्वरतंतू सेकंदाला साधारण 139 वेळा उघडमीट करतात. तार सप्तकातल्या सा ला बरोबर दुप्पट, 277. बायकांचं साधं बोलणं सेकंदाला 200 च्या आसपास चालतं. शाळेतल्या बाईंच्या तोंडून दिवसभरात प्रत्यक्ष आवाज दोन तास निघाला असं धरलं, तर घड्या चौदा लाखांहून अधिक वेळा एकमेकींवर आपटल्या. त्या हलकेच आपटल्या की कचकन, यावर आवाज टिकतो की बसतो हे ठरतं.

हे सगळं डोळ्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं आणि जगापुढं मांडलं ते एका गाणं शिकवणाऱ्या माणसानं. मॅन्युएल गार्सिया हे स्पॅनिश गुरू लंडनमध्ये शिकवत. 1854 साली त्यांनी दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशानं सूर्याचा उजेड आत पाडला आणि स्वतःचे हलणारे स्वरतंतू पाहिले. आज दवाखान्यात दुर्बीण वापरतात, पण वाट त्यांनी दाखवली.

पाचवी पायरी: सूर वर कसा जातो, आणि पट्टी कशी निवडावी

पहिल्या पायरीतला मऊ खळगा पुन्हा शोधा. त्यावर बोट अगदी हलकं ठेवा, दाबू नका. खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत "ऊ" सलग घसरवत न्या. सूर वर जाताना खळगा अरुंद होतो. पुढच्या बाजूचा एक स्नायू थायरॉइड आणि क्रिकॉइड या दोन कूर्चांना जवळ आणतो, त्यानं आतले स्वरतंतू लांब आणि पातळ होतात, ताण वाढतो आणि कंप वेगानं होतात. पेटीत प्रत्येक सुराला वेगळी पितळी पट्टी असते आणि एकाच भात्याची हवा तिला पुरते. आपल्या गळ्यात मात्र एकच जोडी आहे आणि तीच ताणून-सैल करून सगळे सूर काढायचे आहेत.

म्हणून पट्टीचा हट्ट धरू नये, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडं वारकरी भजनात उंच पट्टीचा मान मोठा. काळी चारला सा धरला की पुरुषाचा मध्य सा सेकंदाला 208 कंपांवर आणि तार सा 415 वर जातो. ज्याचे स्वरतंतू आखूड आणि हलके, त्याला ते शोभतं. जाड, लांब स्वरतंतूंच्या माणसानं तिथं चढायचं म्हटलं तर तो गळा आवळूनच चढणार. नव्या माणसानं आपली पट्टी अशी शोधावी: सकाळी साधं बोलताना जो सूर येतो, तो पेटीवर बघावा आणि त्याच्या जरा वर सा धरावा. खालचा प आणि तार सप्तकातला ग-म हनुवटी न उचलता लागले, तर ती पट्टी तुमची. कोरसमध्ये उंच चरण आला आणि झेपत नसेल, तर खालच्या सप्तकात म्हणा. ऐकणाऱ्याला ते वाईट लागत नाही.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांकडं बुवांनी वेगळं लक्ष द्यावं. आवाज फुटतो त्या काळात स्वरयंत्र झपाट्यानं वाढतं, स्वरतंतू लांब होतात आणि आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. मेंदूला नव्या मापाची सवय व्हायला काही महिने लागतात, म्हणून मधेच आवाज फाटतो. या काळात गाणं बंद करायची गरज नाही, पण कालपर्यंत लावत होता तोच वरचा सूर लाव म्हणून त्याच्या मागं लागू नका. कुणी हसलं तर त्याला थांबवा. या वयात हसण्यामुळं गाणं सोडलेली मुलं परत येत नाहीत.

सहावी पायरी: जोर न लावता मोठा आवाज

ग्लासात पाणी घ्या. स्ट्रॉ पाण्यात 5 सेंटीमीटर बुडवा आणि नुसते बुडबुडे काढा. त्यासाठी जेवढा दाब लागला, तेवढा किंवा त्याच्या दुप्पट दाब साध्या बोलण्याला पुरतो. किती थोडा आहे बघा. आता तीच स्ट्रॉ ओठांत घट्ट धरून बुडबुड्यांबरोबर "ऊ" असा सूर काढा. गाल सैल, खांदे खाली. पाण्याकडून येणारा उलटा दाब स्वरतंतूंना कचकन आपटू देत नाही. एक-दोन मिनिटांनी स्ट्रॉ बाजूला ठेवून अभंगाची एक ओळ म्हणा. आवाज मोकळा झालेला जाणवेल. भजनाआधी आणि वर्गाला जाण्याआधी करण्यासारखा यापेक्षा चांगला व्यायाम मला माहीत नाही. स्ट्रॉ नसेल तर ओठ फुरफुरवत सूर काढा, काम तेच होतं.

स्वरतंतूंपाशी निघणारा आवाज मुळात बारीक भुणभुण असतो. त्याला भरदारपणा येतो तो वरच्या पोकळीत. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची ही नळी प्रौढ पुरुषात साधारण 17 सेंटीमीटर. जीभ, जबडा, ओठ यांनी तिचा आकार बदलला की आ, ई, ऊ वेगळे ऐकू येतात. "आ" म्हणताना दोन बोटं उभी मावतील इतका जबडा सोडून बघा आणि मग दात जवळ ठेवून तोच "आ" म्हणा. गळ्यात काहीच बदललं नाही, तरी पहिला आवाज खोलीभर जातो. शेवटच्या बाकापर्यंत पोचायचं असेल तर आधी तोंड उघडा, शब्द सावकाश सोडा, मग गरज वाटली तर हवा वाढवा.

हवेबद्दल एक सांगतो. कुमार गंधर्वांचा जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा, 1924 सालचा. ऐन उमेदीत त्यांना क्षय झाला आणि एक फुप्फुस निकामी झालं. त्यानंतर ते छोट्या छोट्या दमांचे तुकडे करत गायले आणि आवाजाची धार कमी झाली नाही. आपल्याकडं दोन्ही फुप्फुसं आहेत. ओळ मधेच तोडून शांतपणे श्वास घ्यायला लाजू नका. दम संपत आल्यावर शेवटचा शब्द ढकलून म्हणताना गळा सर्वात जास्त आवळला जातो.

सातवी पायरी: रोजची काळजी

घसा बसला की आपल्याकडं खडीसाखर, ज्येष्ठमध, मध-आलं पुढं येतं. घ्या, घशाला बरं वाटतं. पण यातलं काहीही स्वरतंतूंना शिवत नाही. तिसऱ्या पायरीत पाहिलं तसं, गिळताना ते मिटलेले असतात आणि घास मागच्या वाटेनं जातो. पाणीसुद्धा पोटातून रक्तात जाऊन मगच तिथं ओलावा आणतं, म्हणून भजनाला बसल्यावर घोट घेण्यापेक्षा दिवसभर पाणी पीत राहणं महत्त्वाचं. थेट तिथं पोचते ती फक्त श्वासातली हवा. साध्या पाण्याची वाफ म्हणूनच उपयोगी पडते.

याच कारणानं धूर सरळ स्वरतंतूंवर जातो. निपाणीची तंबाखू कितीतरी घरांची चूल पेटती ठेवते हे खरं, पण विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या स्वरतंतूंना सूज येते, आवाज घोगरा होतो आणि स्वरयंत्राच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण धूम्रपानच आहे. सोबत दारू असेल तर धोका आणखी वाढतो. हे आवाजापुरतं राहत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो: सोडा.

सारखं खाकरणं ही दुसरी वाईट सवय. खाकरताना घड्या एकमेकींवर घासतात, त्यानं चिकटा वाढतो आणि पुन्हा खाकरावंसं वाटतं. त्याऐवजी पाण्याचा घोट घेऊन आवंढा गिळा. घसा बसल्यावर कुजबुजणंही चांगलं नाही, त्यात बरेच जण गळा आवळतात. बोलायचंच असेल तर हळू, साध्या आवाजात बोला. रात्री भजन आटोपल्यावर ठेचा-भाकरी खाऊन लगेच आडवं झालं की पोटातलं आम्ल घशापर्यंत चढतं आणि सकाळी आवाज जड होतो. जेवण भजनाआधी घ्या.

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत किंवा सौंदत्तीच्या डोंगरावर "उदो उदो" करताना रात्रभर स्पीकरवर मात करायचा प्रयत्न करू नका. ओरडता ओरडता आवाज अचानक गेला, तर स्वरतंतूत रक्त साकळलेलं असू शकतं. त्या क्षणापासून बोलणं पूर्ण बंद ठेवून दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठा.

आठवी पायरी: डॉक्टरकडं कधी जायचं

सर्दीबरोबर बसलेला घसा आठवडा-दोन आठवड्यांत सुटतो. तीन आठवडे होऊनही घोगरेपणा गेला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. श्वास घेताना आवाज होणं, थुंकीत रक्त, गिळताना दुखणं, मानेत गाठ, यातलं काही असेल तर तीन आठवडेही थांबू नका. बेळगावात बिम्सच्या सरकारी रुग्णालयात आणि के.एल.ई.च्या रुग्णालयात हा विभाग आहे.

शिक्षक आणि गायकांत बऱ्याचदा दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर छोट्या गाठी निघतात. जिथं सर्वात जोरानं आपटतात तिथंच त्या येतात, हातावर घट्टे पडावेत तशा. नाव ऐकून घाबरू नका, हा कॅन्सर नाही. आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टकडं नेमानं गेलं की त्या बहुधा ऑपरेशनशिवाय कमी होतात. व्यायाम न करता थेट ऑपरेशन केलं आणि ओरडायची सवय तशीच राहिली तर त्या परत येतात.

कधी कधी एक स्वरतंतू हलतच नाही. आवाज हवेशीर, फुसका होतो आणि पाणी पिताना ठसका लागतो. डाव्या बाजूला असं झालं तर डॉक्टर छातीचाही फोटो काढायला सांगतात. त्याचं नवल वाटू देऊ नका. डाव्या स्वरतंतूची नस मेंदूकडून निघून आधी छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि मग गळ्यात परत चढते. छातीतलं दुखणं या वळशाला धक्का लावू शकतं. थायरॉइड ग्रंथीचं ऑपरेशन झालं असेल तर तेही आवर्जून सांगा, कारण ही नस त्या ग्रंथीच्या मागूनच जाते.

तपासणीला जाताना आवाज कधीपासून बसला, दिवसात कोणत्या वेळी जास्त बसतो, रोज किती तास बोलता किंवा गाता, कोणत्या पट्टीत गाता आणि तंबाखू आहे का, हे कागदावर लिहून न्या. दुर्बिणीनं केलेल्या तपासणीचं चित्रण मोबाइलवर मागून घ्या. थेरपिस्ट ते आधी बघायला मागतात, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली की आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेवून बघता येतं.